पाणी कोणाच्या हातचे?

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दापोडीपासून निगडीपर्यंत, आणि कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून उत्तरेस वळल्यावर भोसरी, मोशी व चाकण येथवर कारखान्यांची जी रांग गेल्या साठसत्तर वर्षांत उभी राहिली, तिने नाना प्रांतांतून जशी माणसे ओढून आणली, तशाच त्यांच्या उपासना आणि त्या उपासनांविषयीचे त्यांचे जुने तंटेही येथे आणून वसविले. एका अंगास देहू आणि दुसऱ्या अंगास आळंदी अशी वारकऱ्यांची दोन महास्थाने ज्या भूमीत आहेत, तेथे ख्रिस्ती लोकांची संख्या थोडी असावी हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या रीतिरिवाजांचे वैविध्य मात्र थोडे नाही. नगर-जालन्याकडचे मराठी प्रॉटेस्टंट, गोव्याचे व मंगळूरचे कॅथलिक, केरळातील सुरियानी परंपरेचे लोक, तमिळ-तेलुगू मंडळ्या, आणि दुकानांच्या माडीवर भाड्याच्या सभागृहांत जमणाऱ्या नव्या स्वतंत्र मंडळ्या असा हा संमिश्र समुदाय असल्यामुळे, बाप्तिस्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या प्रवेशसंस्काराचे बहुतेक सर्व प्रकार या दहाबारा कोसांच्या आत पाहावयास सापडतात. एके ठिकाणी काही आठवड्यांच्या अर्भकाच्या मस्तकावर फादर तीनदा पाणी ओततात आणि धर्मपिता व धर्ममाता त्याच्या वतीने उत्तरे देतात; दुसरीकडे पाण्याच्या जोडीला पवित्र तेलाचे लेपन होते; तिसरीकडे पाळकसाहेब वाडग्यातील पाणी ओंजळीने घेऊन बाळाच्या टाळूवर सोडतात; आणि चौथीकडे, मनुष्य स्वमुखाने कबुली देईपर्यंत त्याला थेंबही लावीत नाहीत, आणि कबुली दिल्यावर मात्र आपादमस्तक बुडविल्यावाचून सोडीत नाहीत.

यांपैकी तिसऱ्या व चौथ्या पक्षाचे दोन अभिमानी पुरुष एकाच कुटुंबात निपजावेत, आणि त्यांचा वाद ऐकण्याचा योग माझ्यासारख्या हिंदू शेजाऱ्यास यावा, हा या वसाहतीचाच प्रसाद म्हटला पाहिजे. मामा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून सेवानिवृत्त झालेले. नोकरीच्या काळात आणि नंतरही पुष्कळ वर्षे त्यांनी आपल्या मंडळीचे दप्तर सांभाळले असून, बाप्तिस्मा, विवाह व दफन या तिन्ही नोंदवह्या त्यांच्या वळणदार अक्षराने भरलेल्या आहेत. भाचा चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. त्याचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला होता. असे असता दोन वर्षांपूर्वी त्याने एका स्वतंत्र मंडळीत पाण्यात बुडून तो दुसऱ्यांदा घेतला, आणि आता त्याच्या तीन महिन्यांच्या कन्येचे काय करावयाचे या प्रश्नावरून मामाभाच्यांचे बिनसले होते. या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, म्हणून हा तंटाही गुरुवारीच चाले.

मामा म्हणाले, "तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद माझ्या हातची आहे. तारीख, वार, बापाचे नाव, आईचे नाव, पाळकाची सही, सर्व यथासांग. ती नोंद तू त्या टाकीत बुडवून खोटी ठरविलीस."

"नोंद खरीच आहे मामा," भाचा म्हणाला, "पण त्या नोंदीत मी नाही. आईबाबा आहेत, पाळकसाहेब आहेत, तुमची सही आहे. ज्याच्या नावाची ती आहे, तो तेवढा झोपला होता."

यावर उभयतांनी पवित्र शास्त्र उघडले. भाच्याचे म्हणणे असे की, यार्देनेच्या तीरी योहानाने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांनी आधी पश्चात्ताप केला; फिलिप्पाने वाटेत भेटलेल्या कूशी अधिकाऱ्याला रथातून उतरवून पाण्यात नेले तेही त्याने स्वतः विचारल्यावर; म्हणजे ऐकणे, मानणे, कबूल करणे आणि मग पाणी हा क्रम ठरलेला आहे, आणि तान्ह्या मुलाला यांतील पहिल्या तीनही गोष्टी करता येत नाहीत. मामांचे म्हणणे असे की, लुदियेने विश्वास ठेवला तेव्हा तिच्या घराण्यासुद्धा बाप्तिस्मा झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाच्या नायकाने मध्यरात्री तो घेतला तोही सहकुटुंब, आणि यहुदी लोकांत आठव्या दिवशी सुंता करून बालकाला देवाच्या करारात घेत असत, तेव्हा नवा करार जुन्यापेक्षा मुलांच्या बाबतीत अधिक कृपण असेल हे संभवत नाही. "त्या घराण्यांत तान्ही मुले होती असे कोठे लिहिले आहे?" असे भाच्याने विचारावे, आणि "नव्हती असे तरी कोठे लिहिले आहे?" असे मामांनी उत्तरावे.

ग्रंथाच्या मौनावर दोन्ही पक्षांनी आपापले वाडे बांधले आहेत, एवढे मला यावरून कळले. हे मौन फार जुने आहे आणि त्यापायी रक्तही सांडले आहे. स्वित्झर्लंडातील झुरिक नगरात १५२५ च्या जानेवारीत काही तरुणांनी बालपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून परस्परांस पुन्हा पाणी दिले, तेव्हा तेथील सुधारकी सरकारने तो राजद्रोह मानला, आणि दोन वर्षांनी त्यांच्यातील फेलिक्स मान्त्स यास लिम्मात नदीत बुडवून देहदंड दिला. बुडणे ज्याला हवे होते त्याला तेच दिले, असा क्रूर विनोदही त्या शिक्षेत असावा. पाण्याच्या परिमाणाचा तंटा त्या मानाने क्षुल्लक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या 'दिदाखे' नावाच्या छोट्या पुस्तकात, वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, आणि पुरेसे कोणतेच नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, अशी व्यवहारी तजवीज केव्हाच करून ठेवलेली आहे. भाच्याने वाहत्या पाण्याचा उल्लेख उचलला तेव्हा मामांनी विचारले की, त्याला बुडविले ती शेतातली सिमेंटची टाकी कोणत्या पर्वतातून वाहत आली होती? आळंदीला इंद्रायणीवर जो फेस तरंगतो, तो पाहिलेला मनुष्य टाकीला दोष देणार नाही, हे मात्र मला भाच्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

भाच्याने मग संत ऑगस्टिनला साक्षीस आणले. आई मोनिका एवढी भाविक, तरी तिने मुलाला तान्हेपणी बाप्तिस्मा दिला नाही; बत्तीस वर्षांचा झाल्यावर, पुष्कळ भटकून, ३८७ साली मिलानमध्ये त्याने तो अँब्रोजच्या हातून स्वतः घेतला. "आणि त्याच ऑगस्टिनने," मामा म्हणाले, "पुढे बालबाप्तिस्म्याचा एवढा कैवार घेतला की पश्चिमेकडील ख्रिस्ती जग हजार वर्षे त्याच्याच मताने चालले. साक्षीदार आणावा तर त्याचा जबाब शेवटपर्यंत वाचून आणावा."

मामांचे खरे सामर्थ्य मात्र ग्रंथार्थापेक्षा इतिहासात आहे, आणि मराठी मंडळीच्या मुळाची जी हकीकत त्यांनी त्या दिवशी सांगितली ती मला नवीन होती. १८१२ च्या आरंभी अमेरिकेतून काही तरुण धर्मोपदेशक दोन जहाजांनी कलकत्त्यास निघाले. सर्वांना पाठविणारी संस्था एक, आणि ती बालबाप्तिस्मा मानणारी. श्रीरामपुरास तो न मानणाऱ्या केरी आदी बाप्टिस्ट मंडळींची गाठ पडणार, वाद होणार, म्हणून त्यांतील अडोनिराम जडसन यांनी जहाजावरच या विषयाचा कसून अभ्यास आरंभिला. आणि प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी जो शास्त्र चाळीत बसला तोच प्रतिपक्षास मिळाला. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास जडसन पतिपत्नींनी बुडून बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ ल्यूथर राइस यांनीही घेतला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. ज्यांचे मत पालटले नाही त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, ते १८३१ मध्ये नगरास पोहोचले, आणि नगर जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळ्या त्यातून वाढल्या.

"म्हणजे," भाचा हसून म्हणाला, "हॉलसाहेबांनी जहाजावर जडसनसाहेबांइतके वाचन केले असते, तर नगर जिल्हा बुडून बाप्तिस्मा घेता, आणि तुम्ही आज माझ्या बाजूने भांडत बसला असता!"

"बसलोही असतो," मामांनी मोकळेपणाने कबूल केले, "पण त्यात हसण्यासारखे काय आहे? तू मराठी बोलतोस ते काय निवड करून?"

येथे मी मध्ये तोंड घातले. आम्हां हिंदूंच्या घरी बारसे होते तेव्हा मूल अजाण असते, मुंज होते तेव्हा थोडेसे जाणते असते, आणि संन्यास घ्यावयाचा तर तो पूर्ण जाणत्याने, घरदारावर तुळशीपत्र ठेवून घ्यावयाचा असतो. तेव्हा तुमचा बाप्तिस्मा हा यांतील कोणता, असे मी विचारले. भाच्याने तत्काळ उत्तर दिले, "संन्यास!" मामा क्षणभर थांबून म्हणाले, "महाराष्ट्राने तिन्ही पाहिले आहेत. रेव्हरंड टिळकांचा संन्यासच होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या पाण्याने नवराबायकोची काही वर्षे ताटातूट केली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली त्याला ते सांगावयास नको. ख्रिस्तावर प्रेम टिळकांचे आधीही होते. तोवर घर मोडले नव्हते, मोडले ते पाण्यानंतर. आणि पंडिता रमाबाईंचे काय? २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच वेळी दोन वर्षांच्या मनोरमेलाही तो दिला गेला. आईचा संन्यास आणि लेकीचे बारसे एकाच वेळी, एकाच पाण्याने. आता यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते, ते तू सांग."

भाच्याने रमाबाईंचे नाव ऐकताच पवित्रा घेतला. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली जे आत्मिक जागरण झाले, त्याला त्याच्यासारख्या मंडळ्यांत फार मान आहे. "रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे," तो म्हणाला, "की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला तो पुढे आठ वर्षांनी. एवढी विदुषी, संस्कृतची पंडिता, प्रौढ बाई, तिचीसुद्धा ही गत! मग तान्ह्या पोराचे काय घेऊन बसलात?"

"अरे, हे तर माझ्याच बाजूचे झाले!" मामांचा आवाज चढला. "बोध आधी आणि पाणी मागाहून, हा तुझा क्रम ना? रमाबाई तर जाणत्या होत्या, प्रश्न विचारविचारून त्यांनी वाँटेजच्या भगिनींस हैराण केले होते. तरी पाणी आधी आले आणि बोध आठ वर्षांनी आला. मधली आठ वर्षे त्यांना कोणी धरून ठेवले होते? देवाने काम आधी सुरू केले, बाईंना ते मागाहून उमगले. तान्ह्याच्या टाळूवर पाणी सोडतो तेव्हा आम्ही एवढेच म्हणतो की, तुला ठाऊक होण्याच्या आधीपासून तुझ्यावर कोणाचे तरी प्रेम आहे."

भाचा यावर काही वेळ बोलला नाही. मलाही वाटले की, दिवसभराच्या वादात एवढा मर्मग्राही मुद्दा दुसरा झाला नव्हता; आणि तो मामांना आयत्या वेळी सुचला, भाच्यानेच हातात दिलेल्या शस्त्राने.

परंतु मामा तेथे थांबले नाहीत. "तुम्ही मुले विचारता, पाणी किती होते, वय काय होते. माझ्या आजोबांच्या पिढीने हे विचारले नाही. त्यांनी विचारले, पाणी कोणाच्या हातचे? गावच्या विहिरीवर त्यांची सावली पडली तर बोभाटा होत असे. ओंजळीत पाणी मिळे ते वरून, लांबून. आणि इकडे पाळकसाहेब वाडग्यात हात घालतात, तो ओला हात यांच्या डोक्यावर ठेवतात, आणि सर्वांच्या देखत नाव घेतात. ज्याच्या डोक्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिवले नाही, त्याला बुडवले काय की शिंपडले काय?" मग त्यांनी १८४३ सालचे शेषाद्री बंधूंचे प्रकरण सांगितले. थोरल्या नारायणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपती अल्पवयी, त्याला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले. श्रीपतीचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. त्याचा अपराध एवढाच की, तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्या हातचे जेवला. तेवढ्यावरून त्याला जातीत घ्यावे की न घ्यावे याविषयी शास्त्रीमंडळात रणे माजली, आणि प्रायश्चित्त देऊन घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी उचलून धरला म्हणून त्यांनाही त्रास सोसावा लागला. "त्या पोराच्या श्रद्धेची चौकशी कोणीच केली नाही. या देशात मनुष्य काय मानतो हे विचारीत नाहीत, तो कोणाच्या हातचे पितो हे पाहतात. बाप्तिस्म्याची धास्ती लोकांना वाटली ती म्हणूनच, आणि आमच्या लोकांना त्याची ओढ वाटली तीही म्हणूनच."

भाचा आता सावरून बसला. "मामा, तो हात आजोबांना माणसांत घेऊन आला हे मला मान्य आहे. पण आता त्याच हाताने लिहिलेल्या नोंदीची गोष्ट ऐका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, आणि पुढे दुरुस्त्या होऊन शीख व बौद्ध, एवढ्यांनाच अनुसूचित जातीचे मानतात. ख्रिस्ती झाला की सवलत संपली. जात मात्र संपत नाही, भाड्याने खोली शोधताना ती पुन्हा आठवण करून देते. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. पुदुच्चेरीची एक बाई, कारकुनाच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. वडील जन्माने हिंदू, आई ख्रिस्ती. न्यायालयाने दाखला नाकारला, आणि ती ख्रिस्ती असल्याचे जे पुरावे निकालात आले त्यांत तिच्या तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची नोंदही होती. दोन महिन्यांचीही नसेल ती तेव्हा. तेहतीस वर्षांनी ती नोंद देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयात तिच्याविरुद्ध उभी राहिली. निकाल बरोबर की चूक, तो प्रश्न निराळा. ती चर्चला जात होती हेही निकालात आहेच. पण ज्या पाण्याचा हिशेब माणसाला तेहतीस वर्षांनी द्यावा लागतो, ते पाणी घेऊ का, एवढे त्याला विचाराल की नाही?"

मामांनी चष्मा काढून पुसला. दप्तर सांभाळलेल्या मनुष्याला नोंदीचे सामर्थ्य दुसऱ्याने सांगावे लागत नाही. "सवलतीसाठी कोणी पाणी चुकवावे असे तुला म्हणावयाचे आहे काय?" त्यांनी विचारले.

"नाही. मी स्वतः घेतले तेव्हा हे सर्व मला ठाऊक होते. ठाऊक असून घेतले. म्हणूनच ते माझे झाले."

हे उत्तर तोलामोलाचे होते, आणि मामांनीही त्याचा मान राखला. मात्र त्यातील 'माझे' त्यांना खटकले. त्यांनी हळूच विचारले, "तुला बुडविले कोणी?"

"आमच्या पास्टरनी."

"तुझा निश्चय, तुझी कबुली, तुझी साक्ष, मग तू स्वतःच बुडी मारून वर का आला नाहीस? इंग्रज फुटीर पंथातील जॉन स्मिथ नावाच्या गृहस्थाने १६०९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला तसे केले होते. योग्य हाताचा कोणी सापडेना, म्हणून त्याने आपणच आपल्याला बाप्तिस्मा दिला. पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो मेनोनाइट लोकांकडे आम्हांस पदरात घ्या म्हणून गेला. फार कशाला, प्रभू येशू स्वतः योहानाकडे गेला. योहान मागे सरत होता, तरी त्याच्याकडूनच घेतला. तेव्हा तू तिशीत घेतलास काय आणि तिसऱ्या महिन्यात घेतलास काय, ते पाणी दुसऱ्याच्या हातचेच. देणारा मागणाऱ्याहून निराळा असल्याशिवाय हे होतच नाही."

"बरोबर," भाचा म्हणाला, आणि मला वाटले की वाद मिटला. परंतु खरा वाद येथून सुरू झाला. "हात दुसऱ्याचाच लागतो, कबूल. मग सांगा, ज्या हाताने मला तान्हेपणी पाणी दिले, तो हात पुढे कोठे होता? बाळाला पाणी देताना पाळकसाहेब मंडळीला उभे करतात, याला ख्रिस्ताच्या मार्गात वाढवाल का म्हणून विचारतात, आणि मंडळी एका सुरात होय म्हणते. माझ्या वेळीही उभी राहिली असेल. पुढे जी बसली ती बसलीच! मी चाकणला कंत्राटी कामगार म्हणून आलो, महाळुंग्याला एका खोलीत पाच जण राहत होतो, कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. मंडळीतले कोणी आले नाही. वर्गणी थकल्याची आठवण मात्र आली. ज्यांना माझे आडनावही ठाऊक नव्हते ते माडीवरच्या सभागृहातले लोक आले, पेज घेऊन आले, उसाचा रस घेऊन आले, रात्रपाळी करून थेट आले. नंतर त्यांनी मला विचारले, तुझा विश्वास आहे का? आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी विचारले."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. अखेर म्हणाले, "नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख लिहावयाचा रकाना आहे. पुढे काय झाले ते लिहावयाचा रकाना नाही." मात्र एवढ्यावर शरण जाण्याचा त्यांचा स्वभाव नाही. "पण तुमच्या सभागृहाचा करार अकरा महिन्यांचा आहे, हेही ध्यानात असू दे. मालकाने खाली करा म्हटले किंवा तुमचे पास्टर बंगळूरला गेले म्हणजे तुझ्या लेकीला कोणी विचारावयाचे? तिच्या लग्नाला चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला मागतील. माणूस मेले की दफनभूमीत जागेसाठी पत्र लागते. तुमचे दप्तर कोठे आहे?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर," भाचा म्हणाला, आणि तो स्वतःच हसू लागला.

या ठिकाणी मी एक निष्कर्ष काढून मोकळा झालो. मी म्हटले, तुझी तक्रार बालबाप्तिस्म्याविरुद्ध नसून विस्मरणाविरुद्ध आहे. त्या तीन आठवड्यांत मंडळीचा एक मनुष्य जरी महाळुंग्याला आला असता, तरी तू दुसरे पाणी घेतले नसतेस. भाच्याने मान हलवली. "नाही काका. हे उत्तर मामांना सोयीचे आहे आणि तुम्हालाही. ते आले असते तर मी त्यांच्याकडेच जाऊन बुडवा म्हणालो असतो, एवढाच फरक झाला असता. कोणी आपल्याला न विचारता प्रेम केले तर बरे वाटते. पण होय म्हणावयाची वेळ आपलीही यावी लागते. ती माझ्यावर आलीच नव्हती." दृढीकरणाचा विधी त्यासाठीच आहे, असे मामांनी सुचविले. चौदाव्या वर्षी वर्गातल्या सगळ्या मुलांबरोबर रांगेत उभे राहून पाठ केलेली उत्तरे म्हटली, त्याला होय म्हणणे म्हणत असाल तर म्हणा, असे त्याने सांगितले.

मामांच्या बोलण्यात देवाच्या औदार्याची जाण अधिक आहे, आणि भाच्याच्या बोलण्यात माणसाच्या शब्दाची किंमत अधिक आहे. मला विचाराल तर माझे मन पहिल्याकडे झुकते, पण माझी लेक असती तर मी बहुधा दुसऱ्याप्रमाणे वागलो असतो. या विसंगतीवर विद्वानांनीही तोडगा काढलेला दिसत नाही, तहच केलेला दिसतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्या एकत्र येऊन, मामांची मंडळी ज्यात मोडते ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच तो न देणारे बाप्टिस्ट व ब्रदरेन पंथीयही होते. एकाने दुसऱ्यास जिंकावे अशी अट घातली असती तर ऐक्य झालेच नसते. म्हणून बालकाचा आणि प्रौढ विश्वासकाचा, असे दोन्ही बाप्तिस्मे तेथे पर्याय म्हणून मान्य झाले. (पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली तीही १९७० सालीच. ती जोडणी कितपत एकजीव झाली हे येथील पाणीपट्टी भरणारे जाणतात.)

मामांनी ही तहाची गोष्ट काढली तेव्हा भाचा चकितच झाला. "म्हणजे आत्ता बाळाला नुसते देवासमोर आणून समर्पण करावे, आणि पाणी तिने मोठेपणी मागावे, हे तुमच्या लोकांतही चालते? मग इतके गुरुवार भांडलात कशासाठी?"

"चालते, पण मला आवडत नाही," मामा म्हणाले. "देव तिच्या होकारासाठी दाराबाहेर तिष्ठत आहे, असे त्यातून तिला शिकविल्यासारखे होते."

"आणि तुमच्या पद्धतीने, देव न विचारता घरात शिरतो असे शिकविल्यासारखे होत नाही?"

"होते," मामा म्हणाले. "शिरतोच तो."

दोघांपैकी कोणीही हटले नाही. मग मामांनीच विषय घड्याळाकडे वळविला. रविवारी तुझी कोणती पाळी, असे त्यांनी विचारले. तिसरी, सात वाजता सुटते. "म्हणजे बाळाला आणि सूनबाईंना घेऊन नऊच्या उपासनेला सहज पोहोचशील."

"पोहोचेन. पण पाणी नाही."

"पाणी मी मागितले का? मंडळीला उभे करू दे. आणि नाव लिहू दे."

"कोणत्या रकान्यात?"

मामा अडखळले. बाप्तिस्म्याच्या वहीत ते बसत नव्हते, विवाहाच्या आणि दफनाच्या तर नाहीच. "वहीच्या मागे कोरी पाने आहेत," ते शेवटी म्हणाले, "तेथे लिहीन."

"मग तिच्या नावापुढे उभे राहिलेल्यांचीही नावे लिहा," भाचा म्हणाला, "फोन नंबरांसकट. तिला ताप आला तर कोणाला बोलवावयाचे ते आम्हांला कळले पाहिजे."